बांगड्याच्या दिवसांतलं वाचन

दसरा झाला की आमच्याकडे ऊन चावायला लागतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा अजून पत्ता नसतो, आणि मधले पंधरा-वीस दिवस हवा अशी कोंडून राहते की माणसं विनाकारण एकमेकांच्या अंगावर जातात. किनाऱ्यावर बांगडा आलेला असतो. दुपारी घराघरांतून तो तळल्याचा वास येतो, आणि जास्त मिळाला असेल तर वाळत घातल्याचा. लोकांना या दिवसांत दिवाळीची चाहूल लागते म्हणे. मला लागत नाही. मला या दिवसांत मारामाऱ्या आठवतात.

परवा एक मुलगा आणि एक मुलगी घरी आली होती. गावातल्या नगरपालिकेच्या शाळांत शनिवारी जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, असं त्यांनी ठरवलंय. चांगली मुलं आहेत, डोळ्यांत उत्साह मावत नव्हता. "बाई, तुम्ही हे काम कधीच करून बसलाय. सुरुवातीच्या दिवशी या, तेव्हाच्या गोड आठवणी सांगा," असं ती मुलगी म्हणाली. मी त्यांना चहा दिला, खाजं दिलं आणि कळवते म्हणून सांगितलं. ती गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. गोड आठवणी कुठून आणायच्या?

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. वडील कचेरीत कारकून. नोकरीसाठी अर्ज करून झाले होते, आणि आई माझ्याकडे बघून दिवसातून चारदा सुस्कारा टाकायची. वाचनालयात येणाऱ्या आम्हा पाच जणांच्या डोक्यात आलं, की किनाऱ्यालगतच्या शाळेतल्या मुलांच्या हाती क्रमिक पुस्तकाखेरीज काही पडत नाही, तर आपण जाऊन वाचून दाखवू. वाचनालयाने पत्र्याची ट्रंकभर पुस्तकं दिली. जूनमध्ये आम्ही पाच होतो. गणपतीपर्यंत एकाला नोकरी लागली, दोघींची लग्नं ठरली आणि चौथ्याला सुक्या मासळीचा वास सोसवेना. मी एकटी उरले. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. "वाचनाची बाई" म्हणून मुलं हाक मारायची आणि मी फुगून जायची.

शाळा म्हणजे एक लांबोडकी खोली. चार इयत्ता, एक गुरुजी आणि एक शिमटी. शिमटी म्हणजे निगडीची ओली फांदी, दर सोमवारी नवी. गुरुजी तळहातावर मारत नसत, कारण या मुलांचे तळहात आठव्या वर्षीच दोर ओढून घट्ट झालेले असत, तिथे काही लागायचं नाही. म्हणून ते पोटरीवर मारत. वाईट माणूस नव्हता तो. आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलेला मी पाहिलाय. पण चार इयत्तांना एका खोलीत गप्प बसवायची दुसरी रीत त्यांना कोणी दाखवली नव्हती. मी शनिवारी शाळा सुटल्यावर अकराला जायची, तेव्हा मुलं पोटऱ्या चोळत बसलेली असायची. मी मनात म्हणायची, बघा, ही शिमटीची शाळा संपली, आता माझी सुरू होतेय.

मुलांना गोष्टी आवडत, पण मला हव्या तशा नव्हेत. परी आली, फुलं उमलली, की ती एकमेकांना चिमटे काढू लागत. वाघ आला की ताठ बसत.

"बाई, वाघान तेका खंयसून खाल्ल्यान? मानेकडसून काय पोटाकडसून?"

"तसं लिहिलेलं नाही रे."

"मगे तुमी सांगा."

राजाने प्रधानाचा वध केला, असं मी वाचलं की लगेच विचारणा व्हायची, सुरी होती की कोयता. आणि सुरी म्हटलं, तर कोणत्या बाजूने घातली की माणूस ओरडत नाही, हे तिसरीतली एक मुलगी मला समजावून सांगायची, कारण ती आईबरोबर रोज सुरमई कापायची. मी घरी जाऊन हे सगळं हसत हसत सांगे. आता वाटतं, ती मुलं मला आपल्या गावातल्या गोष्टी सांगत होती आणि मी त्यांना पुस्तकातल्या ऐकवत होते.

मंजी चौथीत होती. मंजुळा भिवा, पटावर असं नाव. दहा वर्षांची, केस तेलाने चप्प, डोळे मोठे आणि सारखे कुणावर तरी रोखलेले. पहिल्या महिन्यातच ती म्हणाली, "बाई, ह्या पुस्तक माका घराक व्हरूक दी." मी दिलं. पुढच्या शनिवारी ती उभी राहिली, पुस्तक छातीसमोर धरलं, आणि अख्खी गोष्ट वाचून दाखवली. कुठे अडखळणं नाही. राक्षसाचा आवाज जाडा, राणीचा बारीक, आणि जिथे मी थांबायची तिथे ती थांबायची. मी तिला जवळ घेतलं.

त्यानंतर मंजी हे माझं प्रदर्शन झालं. वाचनालयाचे चिटणीस आले, वाच मंजी. पालिकेचे कोणी आले, वाच मंजी. ते सगळे माझ्याकडे बघून मान डोलवायचे, आणि मी खाली बघून लाजल्यासारखं करायची. गुरुजी एकदा हळूच म्हणाले, "बाई, तिला एखादं नवं पुस्तक देऊन बघा. माझ्याकडे तिची जोडाक्षरं अजून झालेली नाहीत." मला राग आला. स्वतःला जमलं नाही ते माझ्यासारख्या कालच्या पोरीने चार महिन्यांत करून दाखवलं, म्हणून जळतात, असं मी मनात धरलं. नवं पुस्तक दिलं नाही ते नाहीच.

कधी कधी मंजीचा बाप खिडकीबाहेर येऊन उभा राहायचा. भिवा. काळा, रुंद खांद्यांचा, डाव्या भुवईवर जुना व्रण. आत यायचा नाही. मुलगी वाचत असेपर्यंत खिडकीचे गज धरून ऐकायचा आणि निघून जायचा. किनाऱ्यावर जो भेटेल त्याला सांगायचा, "माझ्या चेडवाक वाचूक येता." त्यांच्या सात पिढ्यांत कोणी वाचलं नव्हतं. शेजारणी मंजीला बोलावून औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायच्या. ती काय सांगायची कोण जाणे. कोणी मेलं नाही, एवढं खरं.

त्या वर्षी बांगडा उशिरा आला आणि आला तो भांडण घेऊन आला. आमच्याकडे रापण घालतात. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन रांगा लावून सगळे ओढतात. म्हातारी माणसं, बायका, पोरं, वाटेने जाणारा पाहुणासुद्धा. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, ही रीत. हात लागला नाही तर सख्खा भाऊ असला तरी नाही. म्हणून मासळी दिसल्याची हाक आली की माझा वर्ग जागेवरून उडायचा. पुस्तक उघडं, वाघाचं अर्धवट खाऊन झालेलं, आणि समोर कोणी नाही. मी चिडायची. पण रापण आली नाही तर त्या घरांत रात्री काय शिजणार होतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

ट्रॉलर नवे होते. लांबून यायचे, इंजिनाच्या जोरावर किनाऱ्याला घासून जायचे आणि दिवसभराचे मासे खरवडून न्यायचे. त्या शनिवारी एक असा आत आला की घातलेल्या रापणीवरूनच गेला. जाळं उभं फाटलं. आम्ही शाळेत होतो. आधी एक आरडाओरडा झाला, मासळीच्या हाकेसारखा नव्हता, घशातून फाटून आलेला. मुलं खिडक्यांना चिकटली. पाच-सहा होड्या पाण्यात गेल्या, ट्रॉलरला वेढा पडला आणि त्यांनी तो ओढत खडकाजवळच्या उथळ पाण्यात आणला.

मी तेव्हा काय केलं? वाचत राहिले. मोठ्याने. "इकडे लक्ष द्या," असं म्हणत राहिले. माझा आवाज चिरकत होता आणि कोणी वळून बघत नव्हतं. शेवटी मीही खिडकीशी गेले. ट्रॉलरवरच्या खलाशांना खाली खेचत होते. त्यातला एक विशीचाही नसेल, गुडघाभर पाण्यात हात जोडून उभा होता, आणि त्याची भाषा आमच्यातल्या कुणाला कळत नव्हती. भिवाने वल्हं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. मग परत. दुसऱ्या घावाला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. एवढ्या लांबून तो ऐकू येणं शक्य नाही, असं मला पुष्कळांनी सांगितलं, पण मला आला. पाणी लाल झालं. मागून कोणीतरी डिझेल ओतलं आणि ट्रॉलर पेटला. मंजी माझ्या शेजारी उभी होती. तिने डोळे मिटले नाहीत. खिडकीचा गज मात्र तिने दोन्ही हातांनी धरला होता.

पुढचा आठवडा सबंध गाव धुमसत होतं. बाजारात दोघांची डोकी फुटली. बायका पाणवठ्यावर एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, कारण कुणाचा तरी भाऊ म्हणे ट्रॉलरवाल्यांना फितूर होता. शाळेत पोरं बाकांचा ट्रॉलर करून तो पेटवायचा खेळ खेळत, आणि ज्याच्यावर खलाशी व्हायची पाळी येई त्याला खरंखुरं मारत. गुरुजींच्या शिमट्या आठवड्याला एकऐवजी तीन लागू लागल्या.

मग कागद आला. खाकी कपड्यातला एक शिपाई किनाऱ्यावर आला, चार-पाच जणांना एकेक कागद दिला. तारखेला कोर्टात हजर राहायचं होतं, नाहीतर धरून नेणार, एवढंच त्यात होतं. बाकीच्यांनी एकेकट्याने शिपायाला बाजूला नेऊन त्याच्याकडूनच वाचून घेतलं; फितुरीच्या त्या दिवसांत आपल्या कागदात काय आहे ते कोणी कुणाला सांगत नव्हतं. भिवाला तो म्हणाला, "वाचून दाखवू?" भिवा चार माणसांत उभा होता. तो म्हणाला, "नुको. माझ्या घरात वाचणारा चेडू आसा."

मंजीने तो कागद छातीसमोर धरून वाचला. पडवीत शेजारी जमले होते, आई होती, आजी होती. तिने सांगितलं की सरकार म्हणतंय, पुन्हा समुद्रात भांडण करू नका, झालं ते झालं. न अडखळता सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. कागद देवाच्या फोटोमागे ठेवला.

तारीख गेली. त्यानंतर तीन दिवसांनी, रापण ओढत असताना, पोलिसांची गाडी वाळूपर्यंत आली. भिवाने दोर सोडला नाही, म्हणून त्यांनी त्याच्या हातावर काठ्या घातल्या. दोर सुटेपर्यंत घातल्या. मग सगळ्यांदेखत ओढत नेला. बाकीचे चार जण तारखेला जाऊन आले होते, ते तिथेच दोर धरून उभे होते.

हे मला शनिवारी कळलं, ते असं. मी ट्रंक उघडत होते. दारातून मंजीची आई आली, मंजीला दंडाला धरून फरफटत. मंजीच्या गालावर बोटं उठली होती.

"ह्या काय शिकवलास तुमी माझ्या चेडवाक?" ती ओरडली. "चार म्हयने पुस्तक धरून बसता. माझ्या घोवाक फोडून काढल्यानी! कागदात एक लिवला आणि ह्येना एक सांगितल्यान!"

वर्ग भरलेला होता. गुरुजी टेबलाशी होते. मी मंजीच्या हातात एक पुस्तक दिलं. नवं, तिने कधी न पाहिलेलं. "वाच," मी म्हटलं. तिने ते छातीसमोर धरलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मला दिसलं, की ती कधीच पानाकडे बघत नव्हती. चार महिने ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "वाच!" तिने जुनीच एक गोष्ट सुरू केली. एक होता राजा. त्या पानावर मोठ्या अक्षरांत माकड होतं, चित्रासकट.

मी तिला मारलं. हातातलं पुठ्ठ्याचं पुस्तक तिच्या कानावर घातलं. एकदा नाही. किती वेळा ते मला सांगता येणार नाही, आणि आठवत नाही असंही मी म्हणणार नाही. तिच्या बापाला पोलिसांनी मारलं म्हणून मी तिला मारलं नाही. चिटणिसांसमोर, पालिकेच्या माणसासमोर मी खाली बघून लाजले होते, ते सगळं खोटं ठरलं, म्हणून मारलं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की मारणारी माणसं वेगळी असतात. शिमटीवाली, काठीवाली, वल्हंवाली. मी पुस्तकवाली होते.

गुरुजींनी माझा हात धरला. "बाई, पुरे." आणि मंजीची आई, जिने स्वतः तिला घरून मारत आणलं होतं, ती मध्ये आली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले.

"मी मारीन. तिचो बापूस मारीत. तुमी कोण?"

मी दोन शनिवार गेले नाही. घरी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि कुणाची ते सांगायला लाज वाटत होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कळलं की भिवा सुटून घरी आलाय. मग मात्र राहवेना. मी भर दुपारी त्यांच्या घरी गेले, माफी मागायची असं पक्कं ठरवून. वाक्यंसुद्धा तयार केली होती.

भिवा पडवीत खांबाला टेकून बसला होता. उजवं मनगट सुजून दुप्पट झालेलं, बोटं मिटत नव्हती. त्या हंगामात तो दोर धरणार नव्हता, म्हणजे त्याचा वाटा येणार नव्हता. त्याच्या जागी सकाळी मंजी आणि तिची आई दोर ओढत होत्या. मंजीची शाळा बंद झाल्यात जमा होती.

"बसा, बाई," तो म्हणाला.

मी बसले आणि तयार केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "चूक माझी. मी तिला वाचायला शिकवलंच नाही. मला कळलंच नाही की तिला येत नाही."

"माका म्हायत होता," भिवा म्हणाला.

"घराक येवन वाचायचा ना ता. मी जाळा विणी, ता वाची. एक दिवस वारो सुटलो. पाच-सात पानां एकदम उलाटली. ता थांबलाच नाय. तशीच गोष्ट पुढे." तो हसला. "मी काय बोललंय नाय. आवाज चांगलो होतो."

"मग तो शिपाई वाचून दाखवतो म्हणाला, तेव्हा...?"

"चार माणसां हुबी होती, बाई. मीच सगळ्यांका सांगत फिरललंय. चेडवाक खोटा कसा पाडू?" त्याने सुजलेला हात मांडीवर नीट ठेवला. "दुसऱ्या दिवशी गपचीप गुरुजींकडे जातलंय, असा ठरवललंय. सकाळी बांगडो लागलो. चार दिवस दोर सुटलो नाय. तारीख निघान गेली."

एवढंच. मी त्या माणसाला वल्ह्याने एका पोराचं हाड मोडताना पाहिलं होतं. त्याच माणसाने मुलीचा शब्द चार माणसांत पडू नये म्हणून स्वतःचा हात मोडून घेतला होता, आणि घरी येऊन तिला एक शब्द बोलला नव्हता. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मंजी मागच्या दाराने आली. डोक्यावर ओलं फडकं. डाव्या कानामागे अजून पिवळट काळं दिसत होतं. ती दारातच थांबली.

"ह्याका कान दुखता अजून," भिवा मला म्हणाला. "शाळेचा दार लागला म्हणता. वाऱ्यान आपाटला म्हणे. तुमी होतास काय थंय?"

मंजीच्या आईनेही त्याला खरं सांगितलं नव्हतं. का, ते मला कळलं नाही. नवरा मनगट मोडून आलेला, त्यात आणखी एक भांडण नको असेल. मंजी माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच, जशी पुस्तक धरून बघायची. आता मी काय म्हणेन तेच ती म्हणणार होती. मी माफी मागायला आले होते. समोर बसलेला माणूस मला काही करणार नव्हता, त्याला हात उचलतासुद्धा येत नव्हता.

मी म्हटलं, "हो. ते दार फार जोरात लागतं."

मंजीने नजर काढून घेतली. आत गेली. मला वाटलं ती परत येणार नाही. पण ती शाळेची फुटकी पाटी घेऊन आली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, पाटीकडे बघितलं.

"पयल्यापासून शिकवा," ती म्हणाली.